सम आकड्यांचा संशय

गेल्या अठरा वर्षांत शेरेमास्तरांनी एका शोधपत्रिकेसाठी दोनशेच्या वर लेख तपासले आणि त्यांतल्या एकाही लेखावर त्यांचे नाव नाही. या कामाचा नियमच तसा आहे. लेखकाला परीक्षक कळता कामा नये आणि परीक्षकाला लेखक. लेख येतो तो नाव, गाव, कॉलेज सगळे खरवडून काढलेला. वर फक्त एक क्रमांक. परीक्षकाने तो स्वतःच्या वेळात वाचायचा, स्वतःच्या दिव्याखाली वाचायचा, एकवीस दिवसांत अभिप्राय पाठवायचा, आणि बाविसाव्या दिवशी ‘आपल्या अभिप्रायाच्या प्रतीक्षेत’ असे स्मरणपत्र आले की शाळेला दांडी मारल्यासारखे ओशाळायचे. लेख चांगला निघाला तर टाळ्या लेखकाला, अंक चांगला निघाला तर टाळ्या संपादकाला. परीक्षकाच्या वाट्याला वर्षअखेरीस एक छापील आभारपत्र, तेही ‘महोदय/महोदया’ यांतला एक शब्द खोडण्याचे कष्ट न घेता पाठवलेले.

शेरेमास्तर हे अर्थातच टोपणनाव. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक, वय त्रेपन्न, अंगाने किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्यांवर ते इतके शेरे मारत, की मूळ मजकूर शोधावा लागे. विभागात ते शिरले की कोणीतरी हळूच म्हणे, “शेरेमास्तर आले, वह्या झाका.” त्यांचे वडील एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढून निवृत्त झाले तेव्हा मालकाने त्यांना भिंतीवरचे घड्याळ दिले आणि ते पाच मिनिटे मागे पडत असे. मुलाने तो वारसा निमूटपणे पुढे चालवला. विभागप्रमुखपद त्यांच्या डोक्यावरून दोनदा गेले, एकदा धाकट्या सहकाऱ्याकडे आणि एकदा त्या धाकट्याच्या मेव्हण्याकडे. त्याबद्दल ते कोणाजवळ बोलले नाहीत. मात्र त्यानंतरचे त्यांचे अभिप्राय वाचणाऱ्यांना काहीतरी कळत असावे.

त्यांची स्वतःची अशी एक रीत होती. लेखातला मजकूर वाचण्याआधी ते कोष्टके काढत आणि प्रत्येक आकड्याचा फक्त शेवटचा अंक बघत. जुन्या पाकिटाच्या पाठीवर शून्य ते नऊ असे दहा रकाने आखायचे आणि पेन्सिलीने एकेक रेघ मारत जायचे. खऱ्या मोजमापात शेवटचा अंक कोणाचा लाडका नसतो; सगळ्या रकान्यांत रेघा साधारण सारख्या पडतात. माणूस मनाने आकडे लिहू लागला की त्याचा हात कुठेतरी अडतो. कोणाला सात आवडतो, कोणी शून्य टाळतो. या रेघांवर शेरेमास्तरांनी एका बड्या धेंडाचा लेख पाडला होता आणि पुढे ते धेंड खरोखरच लबाड निघाले. तेव्हापासून संपादक त्यांना ‘आमची गाळणी’ म्हणत. हा शब्द आपल्याला आवडतो, हे शेरेमास्तरांनी बायकोलाही कधी सांगितले नाही.

आता एवढ्या वर्षांनी त्या रीतीला फळ धरू पाहत होते. संपादकांनी त्यांच्याकडून ‘शेवटचा अंक: परीक्षकांसाठी मार्गदर्शक टिपण’ असे सहा पानी लिखाण मागवून घेतले होते आणि ते पुढच्याच अंकात नावासकट छापले जाणार होते. त्यामागोमाग सहसंपादकपदाची गोष्टही निघाली होती. अशा घडीला त्यांच्याकडे तो गाळाचा लेख आला.

लेख साधाच होता. तलावांच्या तळाचा गाळ आणायचा, भट्टीत वाळवायचा, जाळायचा, आधीचे वजन, नंतरचे वजन, आणि वजाबाकीतून त्यात कुजलेला पालापाचोळा किती ते काढायचे. शहाण्णव नमुने, प्रत्येकाची दोन वजने. तराजू ‘चार दशांश स्थळांपर्यंत वाचन देणारा’ असे लिहिलेले. शेरेमास्तरांनी पाकीट उलटे केले, रकाने आखले आणि रेघा मारू लागले. पंधरा मिनिटांनी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. एकशे ब्याण्णव वजने आणि एकही विषम अंक नाही. एक, तीन, पाच, सात, नऊ हे रकाने धुतल्यासारखे कोरे.

नाणे एकशे ब्याण्णव वेळा उडवावे आणि दर वेळी छापाच पडावा, असे घडत नाही. शेरेमास्तरांनी लगेच निदान केले. लेखकाने दुसऱ्या कोणाचे तरी आकडे उचलले आहेत आणि ओळखू येऊ नयेत म्हणून दुप्पट केले आहेत. दुपटीत सगळेच सम होते. तीन वर्षांपूर्वी अशाच एका लेखात त्यांना हीच खूण सापडली होती आणि टिपणात त्यांनी ती ‘दुपटीची लबाडी’ या मथळ्याखाली दिलीही होती. त्या दिवशी बाविसावा दिवस होता, सकाळीच स्मरणपत्र येऊन पडले होते, दुपारी दोन तास होते. अभिप्रायाच्या तक्त्यात तळाशी एक चौकट असते: ‘माहिती बनावट असल्याचा दाट संशय’. तिच्याआधी दुसरी चौकट असते: ‘लेखकाकडून खुलासा मागवावा’. शेरेमास्तरांनी संशयाच्या चौकटीत खूण केली, खुलाशाची मोकळी सोडली आणि सोमवारी अकरा वाजता अभिप्राय पाठवून दिला.

बुधवारी शोधपत्रिकेच्या चिटणीसबाईंचा मेल आला. अभिप्राय मान्य झाला आहे, नियमानुसार लेखकाच्या संस्थाप्रमुखांना संशय कळवणारे सही-शिक्क्याचे पत्र गुरुवारी दुपारी बाराच्या कुरिअरने जाईल, कळावे. शेरेमास्तरांनी तो दोनदा वाचला आणि त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

गुरुवारी सकाळी ते जेवणाच्या टेबलाशी बसले होते. आईच्या हृदयाची ताकद कमी झाल्यामुळे अंगात पाणी साठते की काय हे पाहण्यासाठी रोज तिचे वजन करायला डॉक्टरांनी सांगितले होते. हे काम त्यांच्या बायकोकडे होते. ती एका दवाखान्यात नोंदी ठेवण्याची नोकरी करते. तिच्या वह्या बघून परके लोकही आपली अक्षरे सुधारतात. आजचे वजन लिहून ती वही टेबलावर टाकून आत गेली आणि शेरेमास्तरांची नजर सवयीने त्या रकान्यावरून घसरत खाली गेली. ४८.२. ४८.४. ४८.४. ४८.०. ४७.८. त्यांनी पान उलटले. ४८.६. ४८.२. आणखी एक पान. तीन महिन्यांत एकही विषम अंक नव्हता.

“अगं,” त्यांनी हाक मारली, “ही वजनं तू अंदाजाने लिहितेस का?”

बायको दारात आली. “काय म्हणालात?”

“काही नाही. सगळे आकडे सम आहेत. तीन महिन्यांत एकदाही विषम नाही, म्हणून विचारलं.”

“रोज सकाळी तुमच्या आईला दोन्ही हातांनी धरून त्या काट्यावर उभं करते. मग गुडघे टेकून आकडा बघते, कारण त्यांना धरून वाकता येत नाही. आणि तुम्ही इथे चहा पीत बसून मला खोटी ठरवताय?”

“खोटी कुठे म्हणालो?”

“तोंडाने नाही म्हणालात. चेहरा केलात ना तो. वह्या तपासायचा.”

खुर्चीतून आई म्हणाली, “सूनबाई, त्यालाच उभा कर काट्यावर. माझ्या वजनात कॉपी पकडायला निघालाय.”

शेरेमास्तर उठले आणि काट्यावर चढले. ७१.४. उतरून पुन्हा चढले. ७१.४. हातात रिकामी बादली घेतली, ७२.०. मग बायकोला म्हणाले, “बादलीत पाणी ओत. अर्धा पेला. हळू.”

“अहो, कामावर जायचंय मला.”

“ओत.”

त्या आवाजात काहीतरी होते. बायकोने मुकाट्याने पेला भरला आणि ओतू लागली. आकडा ७२.० वर बसून राहिला. आणखी अर्धा पेला. ७२.२. आणखी. ७२.२ वरच. आणखी. ७२.४. बादली भरत गेली, मास्तरांचे खांदे भरून आले, आकडे दोन-दोन पायऱ्यांनी चढत राहिले आणि विषम अंकावर एकदाही थांबले नाहीत.

“तो काटा दोन-दोननेच चढतो,” बायको म्हणाली. “मला पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“विचारलंत का?”

बादली हातात तशीच धरून शेरेमास्तर उभे राहिले. चार दशांश स्थळांपर्यंत वाचन देणारा तराजू: लेखकाने लिहिले ते खरेच होते. स्थळे चार, फक्त चौथ्या स्थळावर आकडा दोन-दोनने पुढे सरकतो. असे जुने तराजू असतात हे रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला माहीत असायला हवे होते. माहीत होतेही. कधीकाळी त्यांनी तसा एक वापरलाही होता. सोमवारी अकरा वाजता मात्र ते आठवले नाही, कारण ते आठवण्याची गरज वाटली नाही.

ते खोलीत गेले, लेखाची प्रत काढली आणि नवे पाकीट उलटे केले. सोमवारी त्यांनी फक्त वजनांची दोन कोष्टके तपासली होती. मागे आणखी तीन होती: पाण्याचे तापमान, पाण्याची खोली, आम्लता. त्यांनी रेघा मारल्या. सगळे दहा रकाने भरत गेले, कुठे आठ रेघा, कुठे अकरा, कुठे दहा, कोणाचाच लाड नाही. आकडे रचणारा माणूस तीन कोष्टके प्रामाणिकपणे रचून दोनच कोष्टकांत फक्त सम आकडे लिहील, हे कोणत्याही हिशेबात बसणारे नव्हते. जिथे तराजू होता तिथे अंक सम होते. जिथे तराजू नव्हता तिथे नव्हते.

घड्याळात नऊ वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

शोधपत्रिकेच्या कार्यालयाचा फोन वाजत राहिला. त्यांनी चार वेळा लावला. मेल केला, पण मेलला तीन दिवसांच्या आत उत्तर देणे हे त्या कार्यालयात उतावीळपणाचे लक्षण समजले जाई. साडेदहाचा तास होता. विभागातल्या शिपायाला फोन करून तास रद्द करायला सांगितला, तेव्हा तो म्हणाला, “सर, तुम्ही? तास रद्द? घरी सगळं बरं आहे ना?”

पहिली बस वेळेवर मिळाली. दुसरीचा रस्ता खोदलेला होता. पाइप घालायचे म्हणून अर्धा रस्ता उघडा टाकला होता आणि उरलेल्या अर्ध्यातून दोन्ही बाजूंची वाहने एकमेकांच्या सौजन्याची वाट बघत उभी होती. खिडकीशी बसलेल्या शेरेमास्तरांच्या मनात तेव्हा एक विचार आला आणि तो त्यांनी लगेच हाकलला नाही, हे इथे सांगितले पाहिजे. विचार असा होता, की कोणाला काय कळणार आहे? अभिप्रायावर नाव नाही. काटा घरातला आहे. टिपण आज संध्याकाळी छपाईला जाईल, अठरा वर्षांनी नाव छापून येईल, आणि तो जो कोणी लेखक आहे त्याने आपल्या संस्थेपुढे आपला खुलासा करावा. खरा असेल तर सुटेल.

पण त्यांनी तीस वर्षे कॉलेजात काढली होती. संस्थाप्रमुखाच्या टेबलावर सही-शिक्क्याचे पत्र आले की खुलासा कोण ऐकतो, हे त्यांना ठाऊक होते. कायम नोकरीवाला असेल तर समिती नेमतात आणि समिती चहा पिते. हंगामी असेल तर समितीचीही तसदी घेत नाहीत. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात त्याचे नाव नसते, इतकेच. आणि इतका जुना तराजू वापरणाऱ्या कॉलेजात कायम नोकरीवाले भांड्यांत गाळ जाळत बसत नाहीत.

ते बसमधून उतरले आणि चालू लागले. खोदलेल्या मातीच्या कडेने, हातातली पिशवी छातीशी धरून, शेवटी शेवटी जवळजवळ धावत. कार्यालयाच्या इमारतीत लिफ्टच्या दारावर ‘दुरुस्ती चालू’ची पाटी होती; तिच्यावर धूळ इतकी होती की दुरुस्ती कधी चालू होती ते इतिहासकारच सांगू शकला असता. तिसऱ्या मजल्यावर पोहोचले तेव्हा बाराला वीस मिनिटे होती आणि त्यांना बोलता येत नव्हते.

चिटणीसबाई आपल्या टेबलाशी पाकिटांना डिंक लावत होत्या. गेली बावीस वर्षे लेखकांची आणि परीक्षकांची नावे ज्या जाड नोंदवहीत एकत्र येतात ती वही त्यांच्याच खणात, किल्लीखाली असे. “बसा आधी,” त्या म्हणाल्या. “पाणी घ्या. तुमचं तोंड बघा कसं झालंय.”

“ते पत्र,” शेरेमास्तर म्हणाले. “गाळाच्या लेखाचं. गेलं का?”

बाईंनी डोळ्यांनी दाराजवळचा ट्रे दाखवला. पाकिटांचा गठ्ठा तयार होता. “कुरिअरवाला येईलच. का?”

“ते जाऊ देऊ नका.”

“सरांनी सही केली आहे. माझ्या हातात काही नाही. आत जा, आहेत.”

संपादक सत्तरीचे, निवृत्त, आवाज लोण्यासारखा. त्यांना रागावलेले कोणी पाहिले नव्हते; ज्यांचे त्यांनी नुकसान केले त्यांनीसुद्धा नाही. त्यांनी हसून समोरची खुर्ची दाखवली. “या. आमची गाळणी स्वतः चालत आली. मुद्रितं बघायला आलात ना? तुमचं नाव ठळक टाइपात घ्यायला सांगितलंय.” टेबलावर ती सहा पाने पडली होती. पहिल्या पानावर, मथळ्याखाली, त्यांचे नाव होते. शेरेमास्तरांनी ते वाचले, एकदाच.

“सर, सोमवारचा माझा अभिप्राय मला मागे घ्यायचा आहे.”

“कोणता?”

“गाळाचा. आकडे खोटे नाहीत. त्यांचा तराजू दोन-दोनने वाचतो.”

“लेखकाने कळवलं?”

“नाही.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

“आमच्या घरचा वजनकाटा तसा आहे.”

संपादकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “थकलायत तुम्ही. आईंची तब्येत, कॉलेज. होतं असं.”

शेरेमास्तरांनी पिशवीतून पाकीट काढले आणि रेघा दाखवल्या. तापमान, खोली, आम्लता. ते भराभरा बोलत होते. बाहेर जिन्यात पावले वाजली की थांबत होते. संपादकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“म्हणजे तुमच्याकडे एक शक्यता आहे,” ते म्हणाले. “ठीक आहे. ती संस्था तपासेल. आपण कोणाला शिक्षा करत नाही, आपण फक्त कळवतो.”

“आपण फक्त कळवतो आणि तिकडे माणसाची नोकरी जाते.”

“ती संस्थेची जबाबदारी.”

“त्या पत्रात लिहिलंय काय? ‘तज्ज्ञ परीक्षकाच्या मते’. तो तज्ज्ञ मी. आणि माझं मत आता तसं नाही.”

संपादक थोडे पुढे झुकले. “हे पहा, मी सांगू नये, पण तुम्ही घरचे आहात म्हणून सांगतो. तीन वर्षांपूर्वी तुम्हीच असा एक लेख धरला होतात. सम आकड्यांचा. आठवतंय? तोही याच कॉलेजातला होता. त्याच विभागातला. एकाच जागेतून दोनदा तीच लबाडी येते, याचा अर्थ तुम्ही मला सांगा.”

खोलीत पंखा फिरत होता. मुद्रितांची कडा हलत होती. शेरेमास्तरांना तीन वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली; तेच कोरे रकाने, बायकोला ‘आज एक मोठा मासा लागला’ असे सांगितलेले. टिपणातला तो मथळा आठवला.

“याचा अर्थ, सर,” ते म्हणाले, “तिथला तराजू एकच आहे.”

दारात चिटणीसबाई उभ्या होत्या. हातात सहीचा कागद होता, पण तो निमित्ताला असावा.

“त्या आधीच्यांचं काय झालं?” शेरेमास्तरांनी त्यांनाच विचारले.

“बाई,” संपादक म्हणाले.

“त्यांना काढलं,” बाई म्हणाल्या. “त्यांच्याच जागेवर या गाळाच्या लेखिका आल्यात. महिनाअखेरीस यांना कायम करायची बैठक आहे, असं त्यांच्या प्राचार्यांच्या ऑफिसातून कळलं. म्हणून पत्र लवकर पाठवा, असं सर म्हणत होते.”

“बाई, आपण नियम पाळतो.”

“पाळतोच ना, सर. बावीस वर्षं.”

तेवढ्यात बाहेर कुरिअरवाल्याचा आवाज आला. पन्नाशीचा, हेल्मेट काखेत मारलेला माणूस. “मॅडम, गठ्ठा द्या. खाली गाडी आडवी लावलीय, पोलीस बघतोय.”

संपादकांनी घड्याळ पाहिले आणि त्याच मऊ आवाजात हिशेब मांडला. अभिप्राय मागे घेता येतो. लेखी द्यावा लागतो. मात्र तो मागे घेतला, तर टिपण अंकात घेता येणार नाही, कारण जी रीत लिहिणाऱ्यालाच तोंडघशी पाडते ती आपण इतरांना कशी शिकवणार. ती सहा पाने रिकामी राहतील, आज संध्याकाळी ती भरावी लागतील, हा त्रास वेगळा. आणि सहसंपादकपदाबद्दल मंडळाला काय सांगायचे, तेही त्यांना नव्याने पाहावे लागेल. “घाई करू नका,” ते म्हणाले. “पत्र जाऊ द्या. पुढच्या आठवड्यात हवं तर खुलाशाचं दुसरं पत्र पाठवू.”

“पहिलं पत्र वाचल्यावर दुसरं कोण उघडतं?”

“तो तुमचा अंदाज झाला.”

“हो. आणि सोमवारचाही अंदाजच होता. फक्त तेव्हा मी लेखकाला विचारून घेतलं नाही.”

ते उठले. बाहेर येऊन त्यांनी चिटणीसबाईंच्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहायला सुरुवात केली. आयुष्यात इतक्या वाईट अक्षरात त्यांनी काही लिहिले नव्हते. ‘माझा अभिप्राय चुकीचा आहे. वजनांतील सम अंक हे तराजूच्या वाचनाच्या टप्प्यामुळे आले असावेत. लेखकाकडून तराजूचा तपशील मागवावा. तो मी आधीच मागवायला हवा होता.’ खाली सही.

“मॅडम, जातो मी,” कुरिअरवाला म्हणाला. “उद्या घेईन.”

“थांब जरा,” बाई म्हणाल्या. त्या ट्रेजवळ गेल्या, गठ्ठ्यातून एक पाकीट उपसून काढले, आणि आतल्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या. संपादक दारात आले. त्यांनी तो कागद वाचला, खिशातून पेन काढले, एका कोपऱ्यात ‘दाखल’ असे लिहिले आणि आद्याक्षरे टाकली. पाकीट बाईंच्या खणात गेले. बाकीचा गठ्ठा कुरिअरवाला घेऊन गेला. जिन्यात त्याचे बूट बराच वेळ वाजत होते.

शेरेमास्तरांनी दुसरा कागद ओढला.

“हा कशाला?” संपादकांनी विचारले.

“तीन वर्षांपूर्वीचा.”

“ते प्रकरण बंद आहे.”

“तुमच्या कपाटात बंद आहे, सर.”

हे पत्र लिहायला वेळ लागला. समोरच्याला काय म्हणायचे हेच त्यांना कळेना. ‘महोदय’ लिहिले, मग त्याच्यापुढे तिरपी रेघ मारून ‘महोदया’ लिहिले, आणि आपण काय केले हे बघून त्यांनी दोन्ही खोडले. शेवटी त्यांनी थेट लिहिले, की तीन वर्षांपूर्वी तुमच्या लेखावर ज्याने संशय घेतला तो मी. संशय चुकीचा होता असे मला आता वाटते. हे पत्र तुम्ही कोणालाही दाखवू शकता. खाली, नियम मोडून, त्यांनी आपले पूर्ण नाव लिहिले.

बाईंनी नोंदवही उघडली. “तिकडे बघा,” त्या म्हणाल्या. शेरेमास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीवर जुन्या संपादकांचे फोटो होते, सगळ्यांखाली नावे. मागे पेन कागदावर खरखरत राहिले, मग डिंकाचा वास आला. “झालं,” बाई म्हणाल्या. पाकीट त्यांनी पत्त्याची बाजू खाली करून ठेवले होते.

पुढचा अंक निघाला. ती सहा पाने मागच्या वर्षाच्या सूचीने भरली होती. सहसंपादक म्हणून विभागातल्या त्या धाकट्याच्या मेव्हण्याची नेमणूक झाली. शेरेमास्तरांनी ही बातमी घरी सांगितली तेव्हा बायको म्हणाली, “त्यांचं अक्षर तरी बरं आहे का?” आणि आई खुर्चीतून म्हणाली, “त्याला आमच्या काट्यावर उभा करा.”

दोन महिन्यांनी गाळाचा लेख दुरुस्त होऊन पुन्हा त्यांच्याकडेच आला. तराजूच्या वाक्यात आता एक ओळ वाढली होती: वाचन चौथ्या स्थळावर दोनच्या टप्प्याने बदलते. सोबत एक फोटो होता. कडा उडालेला, काचेला टेप लावलेला तराजू, आणि त्यावर शेवटी चार हा अंक. खुलाशात लेखिकेने लिहिले होते, की परीक्षकांनी ही बाब विचारली याबद्दल आभार. हा तपशील द्यायला हवा हे तिला सुचलेच नव्हते. तिला कायम केले की नाही हे कुठे लिहिलेले नव्हते आणि लिहिण्याचे कारणही नव्हते. शेरेमास्तरांनी ‘स्वीकारावा’ या चौकटीत खूण केली, सोळाव्या दिवशी.

त्याच आठवड्यात चिटणीसबाईंकडून एक मोठे पाकीट आले. आत त्यांनी आधीच्या लेखकाला लिहिलेले पत्र होते, न उघडलेले. पत्त्यावर बाईंनी नियमाप्रमाणे पांढरा कागद चिकटवला होता. फक्त कुरिअरचा शिक्का उघडा होता: ‘या पत्त्यावर राहत नाहीत’.

त्यांनी ते खिडकीजवळ नेले. उजेडासमोर धरले तर पांढऱ्या कागदाखालचे अक्षर दिसले असते. त्यांनी ते उजेडापर्यंत नेले नाही. टेबलाशी येऊन बसले आणि फोन लावला. या वेळी तो तिसऱ्या घंटीला उचलला गेला.

“बाई, त्यांचा दुसरा पत्ता असेल का कुठे?”

“ते नियमात बसत नाही, मास्तर.”

“माहीत आहे. पण विचारतोय.”

पलीकडे खणाला किल्ली लावल्याचा आवाज आला आणि पाने उलटू लागली. शेरेमास्तरांनी खिशातली पेन्सिल काढली आणि वाट बघत बसले.